उंबरठा ओलांडणाऱ्यांचा सोहळा



मे महिना उजाडला की अमेरिकेत पदवीदानाचा हंगाम सुरू होतो. हार्वर्ड, येल यांसारख्या नामांकित विद्यापीठांच्या समारंभांची छायाचित्रे जगभरच्या वृत्तपत्रांत झळकतात. तिथे कोण प्रमुख पाहुणा आला, त्याने कोणते भाषण केले, याची चर्चा होते. परंतु त्याच दिवसांत, त्याच देशात, हजाराच्या आसपास लहानमोठ्या शहरांतून आणखी एक सोहळा साजरा होत असतो. त्याची छायाचित्रे आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. तो सोहळा असतो ‘कम्युनिटी कॉलेज’चा, म्हणजे त्या त्या गावाने, त्या त्या जिल्ह्याने आपल्या माणसांसाठी चालविलेल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयाचा. आजचा विषय तोच आहे.

समारंभाचे बाह्य स्वरूप मोठ्या विद्यापीठासारखेच. अंगात पायघोळ झगा, डोक्यावर चौकोनी टोपी आणि टोपीच्या कडेला लोंबणारा रेशमी गोंडा. गवंडी ज्या चौकोनी फळीवर चुन्याचा माल घेतो, त्या फळीवरून या टोपीला ‘मॉर्टरबोर्ड’ हे नाव पडले. पदवी प्रदान होईपर्यंत गोंडा उजव्या बाजूला असतो; पदवी जाहीर झाली की सारे विद्यार्थी तो एकाच वेळी डावीकडे घेतात. मिरवणुकीच्या वेळी बहुधा एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकाराची १९०१ सालची संचलनाची धून वाजते. १९०५ मध्ये येल विद्यापीठाने एल्गार यांना सन्माननीय पदवी दिली, त्या समारंभात ती वाजविली गेली आणि पुढे साऱ्या अमेरिकेने ती पदवीदानाची धून म्हणून स्वीकारली. हवाई बेटांवरील कम्युनिटी कॉलेजांत तर नातेवाईक पदवीधराच्या गळ्यात फुलांच्या इतक्या माळा घालतात, की मुलाचा चेहरा हनुवटीपर्यंत झाकला जातो. हारतुऱ्यांची सवय असलेल्या आपल्या समाजाला ते दृश्य परके वाटणार नाही.

फरक दिसतो तो रांगेकडे नीट पाहिले म्हणजे. त्या रांगेत वीस वर्षांचा तरुण असतो आणि त्याच्यामागे पन्नाशीची स्त्रीही असते. दिवसभर गोदामात काम करून संध्याकाळी वर्गात बसणारा असतो. सैन्यातून परतलेला असतो. नव्या देशात येऊन आधी भाषा शिकलेला आणि मग विषय शिकलेला स्थलांतरित असतो. कुटुंबातून महाविद्यालयाची पायरी प्रथमच चढलेली मुले तर मोठ्या संख्येने असतात. एरवी आईबाप प्रेक्षागृहात बसून मुलांसाठी टाळ्या वाजवितात. इथे अनेकदा मुले प्रेक्षागृहात असतात आणि आई व्यासपीठावर असते. हा सोहळा केवळ पदवीचा नाही, तर उंबरठा ओलांडल्याचा आहे, असे म्हणावे लागते ते यामुळेच.

या संस्थांचा इतिहास १९०१ सालापासून सुरू होतो. इलिनॉय राज्यातील जोलिएट या औद्योगिक गावी जे. स्टॅन्ले ब्राऊन हे शाळाप्रमुख होते. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या विचाराने त्यांनी आपल्या माध्यमिक शाळेतच महाविद्यालयाची पहिली दोन वर्षे शिकविण्याची सोय केली. आरंभी विद्यार्थी होते अवघे सहा! विचार साधा होता. घर सोडून दूरच्या शहरात राहण्याची ऐपत नसलेल्या मुलाने पहिली दोन वर्षे गावातच शिकावे आणि पुढची दोन विद्यापीठात पूर्ण करावीत. ते जोलिएट ज्युनिअर कॉलेज आजही चालू आहे.

दुसऱ्या महायुद्धाने या रोपट्याला वृक्षाचे रूप दिले. १९४४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ‘जी. आय. बिल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला आणि कधी महाविद्यालयाचे तोंडही पाहिले नसते अशी लक्षावधी माणसे वर्गात येऊन बसली. पाठोपाठ राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘ज्युनिअर कॉलेज’ऐवजी ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले ते त्या अहवालापासून. नावातील हा बदल अर्थपूर्ण होता. विद्यापीठाची धाकटी पाती ही ओळख मागे पडली आणि समाजाची स्वतःची संस्था ही ओळख पुढे आली. १९६० नंतरच्या एका दशकात चारशेहून अधिक नवी महाविद्यालये उभी राहिली. १९६५ चा उच्च शिक्षण कायदा आणि १९७२ मध्ये सुरू झालेले, पुढे ‘पेल ग्रँट’ म्हणून ओळखले गेलेले अनुदान यांमुळे गरीब घरातील विद्यार्थ्याला शुल्काचा आधार मिळाला.

या महाविद्यालयांचे मुख्य तत्त्व म्हणजे खुले दार. गुणांची अट घालून कोणाला परत पाठविले जात नाही. ज्याचे गणित वा भाषा कच्ची आहे, त्याला आधी तीच शिकविली जाते. २०२४-२५ मध्ये सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजचे वार्षिक शुल्क सरासरीने ४,००० डॉलरच्या आसपास होते, तर त्याच राज्यातील सार्वजनिक विद्यापीठाचे ११,६०० डॉलरच्या आसपास. दोन वर्षांनंतर ‘असोसिएट’ ही पदवी मिळते. तिच्या बळावर काही जण विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश घेतात, तर काही जण थेट कामाला लागतात. रुग्णालयातील परिचारिका, यंत्र दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, अग्निशमन दलाचा जवान, बालवाडीची शिक्षिका ही गावाला रोज लागणारी माणसे याच वर्गांतून घडतात. परिचारिकांचा तर वेगळा छोटा समारंभ असतो. तिथे प्रत्येकीच्या गणवेशावर तिच्या व्यवसायाचे चिन्ह असलेली पिन लावली जाते, आणि अनेक ठिकाणी ती लावण्याचा मान तिच्या घरच्यांना दिला जातो.

प्रख्यात अभिनेते टॉम हँक्स यांनी २०१५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून, कॅलिफोर्नियातील हेवर्ड येथील शाबो कॉलेज या दोन वर्षांच्या महाविद्यालयाने आपल्याला घडविले, अशी कृतज्ञता व्यक्त केली. श्रीमती जिल बायडेन २००९ पासून नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी शिकवीत होत्या. २०२१ मध्ये पती राष्ट्राध्यक्ष झाल्यानंतरही त्यांनी वर्ग सोडला नाही. २०२४ अखेरपर्यंत त्या शिकवीत राहिल्या. अशा उदाहरणांनी या संस्थांची प्रतिष्ठा वाढते, यात शंका नाही.

परंतु बंधू-भगिनींनो, सोहळ्याच्या दिवशी एक अप्रिय सत्यही ध्यानात घ्यावे लागते. त्या व्यासपीठावरून जे चालत जातात त्यांच्यापेक्षा, त्यांच्याबरोबर प्रवेश घेऊनही तिथवर न पोहोचलेल्यांची संख्या अधिक असते. कम्युनिटी कॉलेजात शिक्षण सुरू करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी सहा वर्षांतही कोणतीच पदवी वा प्रमाणपत्र मिळवू शकत नाहीत. दार खुले असते, पण आतली वाट लांब असते. आणि वाट सोडण्याची कारणे बहुधा बुद्धीची नसतात. मोटार बिघडते आणि ती दुरुस्त करायला पैसे नसतात. कामाची पाळी बदलते आणि वर्गाची वेळ साधत नाही. मूल आजारी पडते. पुस्तक विकत घेणे लांबणीवर पडते आणि पहिली परीक्षा हुकते. कोणता विषय आधी घ्यावा हे सांगणारे कोणी भेटत नाही. एक सत्र सुटते, मग दुसरे सुटते. एके दिवशी विद्यार्थी यायचा थांबतो. आणि तो थांबला, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

या दुखण्यावर न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाने शोधलेला उपाय अभ्यासण्यासारखा आहे. २००७ मध्ये त्यांनी आपल्या कम्युनिटी कॉलेजांत ‘ए-सॅप’ नावाची योजना सुरू केली. तिच्यात चमत्कार काहीच नव्हता. अनुदानातून न भागणारे उरलेले शुल्क माफ केले. पाठ्यपुस्तके मिळण्याची सोय केली. शहरातील भुयारी रेल्वे व बस यांचा पास दिला. आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक मार्गदर्शक नेमला, ज्याच्याकडे मोजकेच विद्यार्थी असतील आणि जो त्यांना वारंवार भेटेल. विद्यार्थ्याने मात्र पूर्णवेळ शिकावे, ही अट होती.

या योजनेची परीक्षाही कठोर झाली. गणित वा भाषेत कच्च्या असलेल्या, अल्प उत्पन्न गटातील सुमारे ९०० विद्यार्थ्यांचे सोडतीने दोन गट केले गेले. एका गटाला योजना मिळाली, दुसऱ्याला नेहमीच्याच सोयी मिळाल्या. तीन वर्षांनी नेहमीच्या गटातील २२ टक्के विद्यार्थी पदवीधर झाले; योजनेच्या गटातील ४० टक्के झाले. मुले तशीच होती, महाविद्यालयेही तीच होती, तरी आकडा जवळजवळ दुप्पट झाला. प्रत्येक विद्यार्थ्यामागे खर्च वाढला हे खरे. पण पदवीपर्यंत पोहोचलेल्यांच्या संख्येने भागले, तेव्हा एका पदवीमागचा खर्च उलट कमी भरला. पुढे ओहायो राज्यातील तीन महाविद्यालयांत ही योजना राबविली, तिथेही पदवीधरांचे प्रमाण जवळजवळ दुपटीने वाढले. ज्याला आपण ‘हुशारीचा प्रश्न’ म्हणतो, तो पुष्कळदा बसच्या पासाचा आणि विचारपूस करणाऱ्या एका माणसाचा प्रश्न असतो, हाच याचा बोध.

महाराष्ट्राला हा बोध नवा नाही. कुंभोज गावी १८८७ मध्ये जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा त्यांनी शाळेइतकेच महत्त्व वसतिगृहाला दिले. मूल शाळेत येणे पुरेसे नाही. त्याच्या जेवणाची, राहण्याची, अंथरुणाची सोय झाल्याशिवाय ते टिकणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. १९४७ मध्ये सातारा येथे सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व उच्च शिक्षणापर्यंत पोहोचले. जोलिएटचे सहा विद्यार्थी आणि साताऱ्याच्या वसतिगृहातील मुले यांची कधी भेट झाली नाही; तरी दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी एकच गोष्ट मानली होती. शिक्षण माणसाच्या दारी आले पाहिजे आणि आलेला माणूस शेवटपर्यंत टिकला पाहिजे.

आपल्याकडे जून-जुलै हा शिष्यवृत्ती वाटपाचा काळ. गुणवंतांचा सत्कार होतो, वह्यांचे वाटप होते, शुल्काचे धनादेश दिले जातात, छायाचित्रे निघतात. ही परंपरा स्तुत्य आहे आणि ती चालू राहावी. परंतु ज्याला जूनमध्ये धनादेश दिला, तो डिसेंबरमध्ये वर्गात आहे काय, याची नोंद किती ठिकाणी असते? पहिल्या वर्षी मदत घेतलेल्यांपैकी अखेरच्या वर्षापर्यंत किती पोहोचले, हा आकडा किती संस्थांच्या वार्षिक अहवालात छापला जातो? मध्येच थांबलेल्या मुलीच्या घरी जाऊन ‘बेटा, काय अडले?’ असे विचारणारा कार्यकर्ता नेमायला फार मोठा निधी लागत नाही. निवृत्त शिक्षक, गृहिणी, नोकरी-व्यवसाय सांभाळणारे तरुण यांपैकी प्रत्येकाने चार-पाच विद्यार्थ्यांची जबाबदारी घेतली, तरी एका गावाचे काम होते. न्यूयॉर्कच्या अनुभवातून घेण्यासारखे आहे ते एवढेच, आणि ते आपल्या आवाक्यातले आहे.

पदवीदानाच्या दिवशी टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे येतो. अंतर वीतभरही नसते. पण ते पार करण्यासाठी कोणाला दोन वर्षे लागलेली असतात, कोणाला सहा, तर कोणाला दहा. टाळ्यांचा खरा मान त्या दीर्घ वाटचालीचा आहे. आणि वाटेत ज्यांनी बसभाडे दिले, पुस्तक दिले, मूल सांभाळले, चार शब्दांनी धीर दिला, त्या अनामिकांचाही त्यात वाटा आहे. समाजसंस्थेने त्या अनामिकांमध्ये आपले नाव लिहावे. पदवीधराच्या कौतुकाला बसताना, पहिल्या वर्षी त्याच्या शेजारी बसलेला दुसरा विद्यार्थी आज कुठे आहे, याची आठवण प्रत्येकाने ठेवावी, एवढीच विनंती.