हिशेब मागण्याचा अधिकार
(मिठबाव येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



सत्याग्रह हा शब्द आपल्या किनाऱ्याला परका नाही. १९३० साली मिठाच्या कायद्याविरुद्ध शिरोड्यास सत्याग्रह झाला. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचे काम करण्याची परवानगी मागितली आणि ती नाकारली जाताच उपवास आरंभिला. परंतु ते राज्य परक्यांचे होते. स्वराज्यात उपोषणाला स्थान आहे काय? सनदशीर मार्ग मोकळे झाल्यावर सत्याग्रहाचे मार्ग सोडून द्यावेत, असे डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत बजावले होते. अण्णा हजारे यांचे कार्य याच कसोटीवर घासून पाहिले पाहिजे.

लष्करातील वाहनचालकाची नोकरी संपवून अण्णा १९७५ साली पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीस परतले. गावकऱ्यांच्या श्रमाने त्यांनी पाणी अडविले, दारू हटविली. १९९१ साली त्यांनी भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलन उभारले. ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर ते उपोषणास बसले. त्याच वर्षी राज्याचा माहिती अधिकार कायदा झाला. राजस्थानातील मजूर-शेतकऱ्यांची चळवळही याच मागणीसाठी झटत होती. २००५ साली देशभर तो अधिकार मिळाला. पुढे २०११ साली अण्णांनी दिल्लीत लोकपालासाठी उपोषण केले. २०१३ मध्ये कायदा संमत झाला. मात्र पहिला लोकपाल नेमला गेला तो मार्च २०१९ मध्ये! कायदा झाला म्हणजे काम झाले, असे नव्हे.

माझ्या मते या उपोषणांचे खरे मोल असे की, त्यांनी सनदशीर मार्गच रुंद केला. आज रस्त्याचे देयक पाहण्यासाठी कोणी उपाशी बसण्याचे कारण नाही. साधा अर्ज आणि दहा रुपये शुल्क एवढे पुरते. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. न दिल्यास अपील आहे आणि दोषी अधिकाऱ्यास पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

गणेशचतुर्थीस आलेले आपले चाकरमानी खड्डे पाहून ओटीवर बसून सरकारला दूषणे देतात आणि विसर्जनानंतर मुंबईची गाडी धरतात. धूपप्रतिबंधक बंधाऱ्यास किती रक्कम मंजूर झाली, नळयोजनेवर किती खर्च पडला, हे ग्रामसभेत विचारणारे किती? कुजबुजीने भ्रष्टाचार हटत नाही. कागद मागितल्याने त्याला धाक बसतो.

पण हिशेब मागणाऱ्याने हिशेब देण्यासही सिद्ध असले पाहिजे. २००३ च्या त्या आंदोलनानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती सावंत आयोगाने मंत्र्यांवर ठपका ठेवला, तसा अण्णांच्या हिंद स्वराज्य ट्रस्टच्या काही व्यवहारांवरही ठेवला. यात सर्वच संस्थांनी घेण्यासारखा धडा आहे.

म्हणून माझी नम्र सूचना आहे. आपल्या संघाचे जमाखर्चाचे पुस्तक, शिष्यवृत्तीची यादी आणि सभागृहनिधीच्या पावत्या दर संमेलनात मेजावर उघड्या ठेवाव्यात. कोणीही सभासद, मग तो वर्गणीदार असो वा आजीव सभासद, त्या चाळू शकेल. प्रश्न विचारणाऱ्यास ‘तुझा आमच्यावर विश्वास नाही काय?’ असे कोणी म्हणू नये. आपापसांत निःसंकोच प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर सरकारी कचेरीच्या पायरीवर आपला आवाज कापणार नाही.