हिशेब कोणी कोणास द्यावयाचा?



घरखर्चासाठी दिलेल्या पैशाचा हिशेब मागण्यात गैर असे काही नाही. परंतु तो कोणत्या रीतीने मागितला जातो, यावर घरातील विश्वास टिकतो किंवा तुटतो, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. सरकार जेव्हा दुर्बळ माणसाच्या हाती त्याच्याच शुश्रूषेचा पैसा देते, तेव्हा हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहतो. हॉलंड देशास या बाबतीत आलेला अनुभव आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

वार्धक्य, अपंगत्व किंवा दीर्घ आजार यांमुळे ज्यास नित्य दुसऱ्याच्या हाताची गरज लागे, त्यास पूर्वी तेथे संस्था देईल ती सेवा पत्करावी लागे. सकाळी स्नान घालावयास कोण येणार आणि किती वाजता येणार, हे संस्था ठरवी. १९९५ च्या सुमारास तेथे व्यक्तिगत निधीची पद्धत सुरू झाली. गरजेची तपासणी होऊन रक्कम ठरावी, आणि तीतून त्या मनुष्याने आपला सेवक आपण निवडावा, अशी ही योजना. सेवक परका असो, शेजारी असो, वा स्वतःची कन्या असो. जो आजवर केवळ रुग्ण होता, तो आता मालक झाला.

मालकीबरोबर हिशेबही आला. रक्कम आगाऊ त्याच्या खात्यात जमा होई. मागाहून करार व बिले दाखवून खर्चाचा तपशील द्यावा लागे. त्यातही एक सवलत होती. निधीचा दीड टक्का, म्हणजे निदान २५० व फार तर १२५० युरो, इतक्या रकमेचा हिशेब विचारला जात नसे. किरकोळ खर्चाची पावती कोण जपून ठेवणार, हे व्यवहारज्ञान त्या नियमात होते.

तथापि जेथे पैसा तेथे मध्यस्थ. कागदपत्रांचा भार न पेलणाऱ्या वृद्धांस व अल्पशिक्षितांस मदत करतो, असे सांगून काही दलालांनी त्यांच्या निधीचा ताबा घेतला. पैसा गेला, सेवा मिळाली नाही. आणि सही त्या दुर्बळ माणसाची असल्यामुळे वसुलीची नोटीसही त्याच्याच दारी आली!

यावर उपाय म्हणून १ जानेवारी २०१५ पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा व नगरपालिकांकडून मिळणारा निधी लोकांच्या खात्यात जाणे बंद झाले. तो सामाजिक विमा पेढीकडे राहावा, आणि करार व बिल तपासून पेढीने सेवकास परस्पर वेतन द्यावे, असे ठरले. हेतू निर्दोष होता. परंतु शुश्रूषेची बरीच जबाबदारी त्याच दिवशी नगरपालिकांवर सोपविण्यात आली होती. पेढीकडे माहिती अपुरी पोहोचली, करारांचे ढीग साचले आणि हजारो सेवकांचे वेतन थकले. अखेरीस तातडीने पैसे देता यावेत म्हणून काही तपासण्याच तात्पुरत्या बाजूस ठेवाव्या लागल्या. चोर अडविण्यासाठी लावलेल्या कुलपाने घरधनीच बाहेर राहिला.

श्रोतेहो, यावरून हिशेबच नको, असा निष्कर्ष कोणी काढू नये. करदात्याचा पैसा दलालाच्या खिशात जाऊ देणे ही दया नव्हे. परंतु हिशेब हा दुतर्फी व्यवहार आहे. अंथरुणास खिळलेल्या मनुष्याने दर महिन्याचा खर्च दाखवावा, हे रास्त. मग कचेरीनेही त्याच्या सेवकाचे वेतन कोणत्या तारखेस दिले, विलंब कोणामुळे झाला, आणि त्याची भरपाई कोण करणार, हे दाखविणे तितकेच रास्त नव्हे काय? सेवकाचे वेतन एक महिना चुकले, तर कचेरीच्या वहीत ती केवळ एक नोंद असते; अंथरुणावरील माणसास मात्र उद्या सकाळी आपणांस कोण उठविणार, ही विवंचना असते.

ज्या व्यवस्थेत दुर्बळाने सबळास हिशेब द्यावयाचा, पण सबळाने दुर्बळास द्यावयाचा नाही, तीत वही कितीही नेटकी असली, तरी जबाबदारी अर्धीच पार पडलेली असते.