खाडीची राखण आणि आपली शाळा
(प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



खाडीकाठच्या चिखलणीस आपण सहज ‘पडीक जागा’ म्हणतो. एकदा पडीक म्हटले की तेथे गावचा केरकचरा टाकण्यास कोणास संकोच वाटत नाही. मागाहून भराव येतो आणि कांदळवन नाहीसे होते. म्हणून खाडीच्या रक्षणाचा आरंभ वर्गात हा शब्द सुधारण्यापासून व्हावयास हवा.

वस्तुतः ही जागा अखंड राबत असते. भरती खारे पाणी आणते, नदी गोडे पाणी व गाळ आणते. तिवर, चिपी, कांदळ यांची मुळे तो गाळ धरून ठेवतात. तिवराची मुळे चिखलातून वर येऊन श्वास घेतात; त्यांवर भराव पडला की झाड गुदमरते. गळलेली पाने कुजून खेकडे-कोळंबीस अन्न मिळते, आणि माशांची पिले मुळांच्या आडोशास वाढतात. हे वन तुटले म्हणजे कोळ्याचे जाळे हलके होते व लाटांचा मारा थेट खारबांधावर बसतो.

ठाण्याच्या खाडीचे उदाहरण घ्या. तिच्या दोन्ही काठांस शहरे व कारखाने आहेत. तरीही दरवर्षी हजारो रोहित पक्षी तेथे चरावयास येतात. २०१५ साली तिचा सुमारे १,६९० हेक्टर भाग अभयारण्य झाला आणि २०२२ साली ती रामसर यादीत आली. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या नाशास राज्यभर मनाई केली. परंतु प्रत्येक खाडीवर कायद्याचा पहारा कसा बसणार? तेथे गावाचीच नजर हवी.

यासाठी आपण तीन गोष्टी कराव्यात. ओहोटीची वेळ जाणत्या कोळ्यास विचारून, पालकांस सोबत घेऊन, मुलांस काठावरून खाडी दाखवावी. चिखलात उतरू देऊ नये. दिसलेली झाडे, पक्षी व मासे यांची नावे गावच्या बोलीतच वहीत लिहवून घ्यावीत. दरवर्षी त्याच महिन्यात पुन्हा नोंद करून मागील वहीशी ताडून पाहावी.

सरपणासाठी फांदी तोडणाऱ्या माउलीस मात्र मुलांदेखत दोष देऊ नये. तिची अडचण ग्रामसभेत मांडावी. काय कमी झाले, हे मुलांच्या वहीतून गावास दिसू लागले, तर पुढील भराव पडण्यापूर्वी प्रश्न विचारणारे कोणी तरी गावात असेल.