कलाचे बळ मोजणारे यंत्र आणि निर्णय घेणारा माणूस
(व्याख्यानाचे शब्दांकन)



पेढीवर कीर्द-खतावणीला जे स्थान असते, तेच शेअर बाजारात भावांच्या दैनंदिन नोंदींना असते. भाव चढतो आहे की उतरतो आहे, हे त्या नोंदींवरून कोणालाही दिसते. परंतु तो निश्चयाने एका दिशेने चालला आहे की नुसताच हिंदकळतो आहे, हे नुसत्या नजरेने कळत नाही. कल ओळखणे वेगळे आणि त्या कलाचे बळ मोजणे वेगळे.

हे बळ मोजण्याची एक रीत जे. वेल्स वाइल्डर या अमेरिकन अभियंत्याने १९७८ साली ‘न्यू कन्सेप्ट्स इन टेक्निकल ट्रेडिंग सिस्टिम्स’ या ग्रंथात मांडली. ‘अॅव्हरेज डायरेक्शनल इंडेक्स’ अर्थात एडीएक्स हे तिचे नाव. घरोघरी संगणक नसलेल्या काळातील ही रीत असल्यामुळे ती कागदावरही साधते.

तिचे गणित एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका शेअरचा कालचा उच्चांक २१०, नीचांक २०० आणि बंद भाव २०४ रुपये होता. आजचा उच्चांक २१६ आणि नीचांक २०३ आहे. उच्चांक ६ रुपयांनी वर सरकला, नीचांक मात्र कालच्या खाली गेला नाही. म्हणून आजची ऊर्ध्व हालचाल ६ आणि अधो हालचाल शून्य. दोन्ही बाजूंना विस्तार झाला असता, तर मोठी हालचाल तेवढी धरली गेली असती. कालचा बंद भाव विचारात घेऊन आजची खरी व्याप्ती १३ रुपये येते. अशा १४ दिवसांच्या हालचालींना त्याच दिवसांच्या व्याप्तीने भागून शंभराने गुणले की चढाचा आणि उताराचा असे दोन निर्देशांक मिळतात. चढाचा ३० आणि उताराचा १० असेल, तर दोहोंतील फरक २० आणि बेरीज ४०. म्हणजे त्या दिवसाचा आकडा ५०. अशा आकड्यांची वाइल्डर यांच्या रीतीने काढलेली सरासरी म्हणजे एडीएक्स. तो २५ च्या वर असल्यास कल बळकट आणि २० च्या खाली असल्यास बाजार दिशाहीन, असा सर्वसाधारण संकेत आहे.

आता हेच आकडे उलटे करावेत. चढाचा १० आणि उताराचा ३० धरला, तरी उत्तर ५० च येते! भाव कोसळत असतानाही एडीएक्स चढू शकतो. ‘आकडा वाढला, आता तेजी’ असे समजून सौदा करणारा येथेच फसतो. एडीएक्स बळ सांगतो, दिशा सांगत नाही.

पूर्वी वहीत उतरवावे लागणारे हे गणित आज सॉफ्टवेअर क्षणार्धात करते. तक्तापत्रकातही ते मांडता येते, ‘टीए-लिब’सारख्या मुक्त संगणकीय संग्रहात ते तयारही मिळते. शेकडो शेअरांचा हिशेब एकाच वेळी आणि बेरजेची चूक न होता मिळावा, ही सोय थोडी नव्हे. परंतु साधन वापरणाऱ्याने तीन गोष्टी तपासल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट नोंदींच्या संख्येची. चौदा दिवसांच्या मापाने पहिला एडीएक्स मिळण्यास किमान २८ दिवसांचे भाव लागतात आणि तो स्थिरावण्यास त्याहून बरेच अधिक. एकाच शेअरचा आकडा दोन सॉफ्टवेअरमध्ये वेगळा दिसतो, तो बहुधा आरंभाचा दिवस वेगळा असल्यामुळे. दुसरी गोष्ट नोंदींच्या शुद्धतेची. शेअरचे विभाजन होऊन १००० चा भाव ५०० झाला आणि जुने भाव त्याप्रमाणे दुरुस्त केले नाहीत, तर यंत्राला ती प्रचंड घसरण वाटते. तिसरी गोष्ट मोहाची. चौदाऐवजी अकरा, अकराऐवजी नऊ असे माप बदलत गेल्यास गतकाळातील नफा कागदावर मनाजोगा दिसू लागतो. उद्याच्या बाजाराला मात्र त्या कागदाचे बंधन नसते. हा निर्देशांक सरासरीवर उभा असल्यामुळे तो घटनेच्या मागून चालतो.

हा विषय केवळ गणिताचा नाही, घराच्या पुंजीचा आहे. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरांच्या वायदा आणि ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी सुमारे ९३ टक्के लोकांना तोटा झाला. त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. संगणक आणि तयार निर्देशांक सर्वांच्या हाती असतानाचे हे चित्र आहे.

म्हणून यंत्राकडे मुनीम म्हणून पाहावे, मालक म्हणून नव्हे. मुनीम हिशेब चोख मांडतो. किती भांडवल घालावे, तोटा कोठे थांबवावा आणि कोणता सौदा मुळीच करू नये, हे मालकाला ठरवावे लागते. सौद्यापूर्वी ती मर्यादा वहीत लिहून ठेवावी आणि बाजार चालू असताना ती खोडू नये. मुलांच्या शिक्षणाचा आणि वृद्धांच्या औषधपाण्याचा पैसा या मोजमापाच्या भरवशावर लावू नये. एवढा विवेक राखणाऱ्याच्या हाती हे साधन खचित उपयोगी पडेल.