फडाचे पाणी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



शाळेत मी रोज पांझरेच्या पाटाच्या कडेने चालत यायचो. निम्मे शिक्षण त्या वाटेवरच झाले. आज त्याबद्दलच बोलतो.

आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल फडाच्या पाण्यावर पेटली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या शिवाराचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांचे पीक एकच. यंदा ऊस तर सगळ्यांचाच ऊस. पुढे पिके फडाफडांतून पालटायची. पाणी कोणी आपल्या हाताने घ्यायचे नाही. ते द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांच्यावर हवालदार आणि सगळ्यांवर पंच. गाळ काढायला मात्र घरटी माणूस. शे-दोनशे नव्हे, तीन-चारशे वर्षांची ही रीत.

नववीत असताना मी एका रात्री पाट फोडला. गहू ओंबीवर होता आणि आमची पाळी दोन दिवसांनी होती. जागल्याने पकडले. दंड झाला, तो वडिलांनी मुकाट्याने भरला. घरी एवढेच म्हणाले, "आपल्या खालचा वाफा कुणाचा आहे, ते सकाळी जाऊन बघून ये."

ही चोरी सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी मी आज सांगतो. पुढे विहिरीवर मोटार बसवणाऱ्या पहिल्या घरांत आमचे घर होते. पाणी घरचे झाले आणि गाळ काढायला आमचा माणूस जायचा बंद झाला. हळूहळू इतरांचेही तसेच झाले. कोणी भांडले नाही, म्हणून कोणाच्या ध्यानातही आले नाही. पाटात बाभळी उगवल्या. मग विहिरीही आटू लागल्या, तेव्हा कळले की विहिरीत येत होते ते पाटाचेच मुरलेले पाणी होते. त्या चोरीचा दंड मला कोणी केला नाही.

दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्यावर, अगदी शेवटच्या टोकाच्या ओझरच्या शेतकऱ्यांनी बापू उपाध्ये यांच्या साथीने पाणीवापर संस्था उभ्या केल्या. 2005 पासून त्यासाठी कायदाही आहे. पण कायदा गाळ काढत नाही.

दिवाळीला आपण बरेच जण गावी असतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी फावडे घेऊन बंधाऱ्यावर असेन. माझ्या घरचा माणूस एवढ्या वर्षांनी हजर झाला, अशी नोंद करा.