'ए'च्या जागी 'टी' : माझा सिकलसेल रिपोर्ट

मी बोलतोय पवनी तालुक्यातल्या आसगावातून. बाहेर रोवणीची धावपळ आहे, ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या. आजचा विषय माझ्याच रक्तातला आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी सिकलसेलची तपासणी झाली. रिपोर्टवर दोनच अक्षरं : एएस. म्हणजे मी वाहक. आई पहिलं काय म्हणाली? "कोणाले सांगू नको बाबू, लग्न जुळणार नाही."

ही दोन अक्षरं समजायला डीएनएकडे जावं लागतं. डीएनएची साखळी छोट्या तुकड्यांची असते. प्रत्येक तुकड्यात एक साखर, एक फॉस्फेट आणि एक बेस. साखर-फॉस्फेट सगळीकडे सारखेच. फरक बेसमध्ये : ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन. थोडक्यात ए, टी, जी, सी. एसमोर टी, जीसमोर सी. माणसाच्या एका संचात अशा सुमारे ३०० कोटी जोड्या!

त्यातल्या एकाच जागी गडबड होते. हिमोग्लोबिनच्या जनुकात जिथे जी-ए-जी हवं, तिथे जी-टी-जी येतं. मग प्रोटीनमध्ये ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसतं. प्रोटीनमधला हा एकच बदल व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ मध्ये दाखवला. असं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडलं की एकमेकांना चिकटतं आणि गोल लाल पेशी वाकते, आपल्या धान कापायच्या इळ्यासारखी. ती बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि मग असह्य वेदना.

मग मी ठणठणीत कसा? जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बाबांची. माझी एक प्रत बरोबर आहे, ती काम निभावते. पण नवरा-बायको दोघंही एएस असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळ एसएस, म्हणजे आजारी, असण्याची शक्यता २५ टक्के. प्रत्येक वेळी, नव्याने.

म्हणून लपवायचं नाही, असं मी ठरवलं. मागच्या आठवड्यात मुलगी पाहायला गेलो, आणि चहा यायच्या आधीच सांगून टाकलं. खोलीत शांतता. मग तीच म्हणाली, "मी पण तपासून घेऊ का?"

तिचा रिपोर्ट यायचा आहे. आईही आता रोज विचारते, "आला का?"

पूर्व विदर्भात सिकलसेल घरोघरी ओळखीचा आहे. तुमची तपासणी झाली नसेल, तर पत्रिका जुळवण्याआधी सरकारी दवाखान्यात विचारा. भेटू पुढच्या भागात!