मुरगावचे वीज उपकेंद्र : एका कप्प्याचे नूतनीकरण आणि नागरिकांचे सहकार्य
(व्याख्यानाचा मजकूर)



"दुरुस्तीच्या कामासाठी वीजपुरवठा बंद राहील" अशी सूचना प्रसिद्ध झाली की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : या कामाला इतका वेळ का लागावा? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर उपकेंद्राच्या बंद दाराआड असल्यामुळे ते सहसा लोकांपर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

गोव्यात मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. राज्याची गरज मुख्यतः बाहेरच्या केंद्रांतील विजेवर भागते. कोल्हापूरहून कोलवाळला 400 केव्हीची, तर कर्नाटकातील अंबेवाडीहून फोंड्याला 220 केव्हीची वाहिनी येते. पुढे टप्प्याटप्प्याने दाब उतरवीत ही वीज 33 हजार व्होल्टवर स्थानिक उपकेंद्रात आणि तेथून 11 हजार व्होल्टवर गावोगावच्या रोहित्रांपर्यंत पोहोचते. वास्को, सडा, बायणा, चिखली किंवा कुठ्ठाळी येथील घरात दिवा लागतो, तो या साखळीच्या शेवटी.

उपकेंद्राच्या खोलीत पोलादी कपाटांसारखे कप्पे एका ओळीत उभे असतात. त्यांना स्विचगिअर पॅनेल म्हणतात. प्रत्येक वाहिनीसाठी एक कप्पा असतो. त्यात सर्किट ब्रेकर, प्रवाह मोजणारी उपकरणे आणि दोष ओळखणारा रिले असतो. सर्व कप्प्यांतून तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या आरपार जातात. त्या म्हणजे बसबार. 10 एमव्हीए क्षमतेच्या एका रोहित्राचा पूर्ण भार 11 हजार व्होल्टवर सुमारे 525 अँपिअर होतो, आणि तो याच पट्ट्यांवरून सर्व वाहिन्यांत वाटला जातो.

मुरगाव हा समुद्राने वेढलेला भूभाग. खारी हवा, पावसाळ्यातील ओलावा आणि बंदर परिसरातील धूळ यांचा थर विद्युतरोधकांवर बसला की त्यांच्या पृष्ठभागावरून वीज सूक्ष्म प्रमाणात झिरपू लागते. प्रथम चर्रचर्र आवाज येतो, ओझोनचा उग्र वास सुटतो आणि दुर्लक्ष झाल्यास एखाद्या रात्री स्फोट होतो. अशा वेळी जीर्ण कप्पा बदलणे हाच उपाय उरतो. मात्र सर्व ओळ सुस्थितीत असताना केवळ एका भागासाठी ती संपूर्ण मोडीत काढणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय ठरेल.

तथापि जुन्या ओळीत नवा कप्पा बसविणे हे भिंतीतील वीट बदलण्याइतके सोपे नाही. पूर्वीचे अनेक ब्रेकर तेलाचे आणि 250 एमव्हीए, म्हणजे सुमारे 13 हजार अँपिअर दोषप्रवाह तोडू शकणारे असत. आजचे निर्वात ब्रेकर सामान्यतः 25 हजार अँपिअर क्षमतेचे असतात. पण नवा कप्पा कितीही बळकट असला, तरी शेजारचे कप्पे जुनेच राहतात. म्हणून त्या ठिकाणचा संभाव्य दोषप्रवाह जुन्या कप्प्यांनाही पेलणारा आहे की नाही, हे आधी गणित करून पाहावे लागते. जुन्या आणि नव्या पट्ट्यांची उंची व अंतर जुळत नसल्यास दोहोंच्या मध्ये जोडकप्पा तयार करून घ्यावा लागतो. बदलायचा भाग ओळीच्या मध्यावर असेल, तर तो काढताच बसबार दुभंगतो, आणि पलीकडच्या वाहिन्यांना दुसऱ्या बाजूने वीज देण्याची सोय आगाऊ करावी लागते.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी पुरवठा बंद करणे ही केवळ सुरुवात होय. ब्रेकर बाहेर ओढणे, कुलूप व फलक लावणे, वीज नसल्याची उपकरणाने खात्री करणे, पट्ट्या जमिनीशी जोडणे आणि त्यानंतरच लेखी परवाना देणे, हा क्रम मोडता येत नाही. जोडणी झाल्यावर सांध्यांचा रोध मायक्रोओहममध्ये मोजला जातो, विद्युतरोधन तपासले जाते, उच्च दाबाची चाचणी होते आणि रिले योग्य वेळी ब्रेकर उघडतो की नाही हे पाहिले जाते. तीन फेजांचा क्रमही पडताळावा लागतो. दोन केबलींची अदलाबदल झाली, तर पाण्याचे पंप आणि पिठाच्या गिरण्या उलट्या फिरू लागतील.

या चाचण्यांच्या वेळीच दूरध्वनी खणखणू लागतात. "काम झाले ना, मग सोडा वीज!" अशा घाईला बळी पडून एक चाचणी जरी गाळली गेली, तरी तिची किंमत एखाद्या कामगाराला प्राणाने मोजावी लागू शकते.

दुसरा धोका ग्राहकाच्या अंगणातून येतो. पुरवठा बंद असताना एखाद्या घरात वा दुकानात चेंजओव्हर स्विचशिवाय जनरेटर जोडला, तर ती वीज उलट दिशेने गावच्या रोहित्रात शिरते. रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते. खालच्या बाजूस घरगुती दाबाची वीज मिळताच वरच्या बाजूस 11 हजार व्होल्ट निर्माण होऊ शकतात. बंद समजल्या गेलेल्या तारेवर हात ठेवणाऱ्या लाइनमनला याची कल्पनाही नसते.

म्हणून पंचायतींनी बंदची सूचना वाड्यावाड्यांत वेळेवर पोहोचवावी. आरोग्य केंद्रांनी व पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्यांनी पर्यायी व्यवस्था आदल्या दिवशीच तपासावी. शिक्षकांनी मुलांना जनरेटरचा धोका समजावून सांगावा. अधिकाऱ्यांनीही कामाला खरोखर लागणारा वेळ चाचण्यांसह जाहीर करावा. चार तासांचे सांगून आठ तास घेण्यापेक्षा आठ तास सांगून सातव्या तासाला वीज देणे लोकांचा विश्वास वाढविते.

बदललेला कप्पा लोकांना कधीच दिसणार नाही. पावसाळ्यातील एखाद्या वादळी रात्री एका वाहिनीवर झाड कोसळेल, तेवढीच वाहिनी बंद पडेल आणि बाकीच्या तालुक्यात दिवे तेवत राहतील. त्या रात्रीसाठीच हा एक दिवसाचा अंधार सोसायचा असतो.